मानेकाकांचा हिंगूळ

मानेकाका कोणालाही भेटले की आधी त्याचे दात बघत. नाव काय, गाव कुठलं, नोकरी कशी, हे सगळं नंतर. समोरचा हसला रे हसला की काकांची नजर त्याच्या तोंडात शिरायची आणि मनातल्या मनात त्याचं वय ठरून जायचं. मनातल्या मनात राहिलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला ते पहिल्यांदा आले, तेव्हा साठेकाकूंनी तिळगूळ हातावर ठेवत गोड बोला म्हटलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत अगदी गोड आवाजात म्हणाले, "एकावन्न. आतबाहेर एखादं वर्ष. पण दात छान राखलेत तुम्ही." साठेकाकू गेली पाच वर्षं बेचाळीसच्या होत्या. सगळ्यांत आधी हसले ते साठेकाका, आणि त्या रात्री घरी परतताना गाडीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात शिकत होतो. ऐंशीच्या दशकातली ती पहिली पहिली वर्षं. मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर, आणि मी एकटा हाडांवर पीएचडी करणारा. हाडं म्हटलं की लोकांना वाटायचं पोरगा ऑर्थोपेडिक होणार, आणि चेहरे उजळायचे. मग मी सांगायचो की माणसांची नाही, जनावरांची, आणि तीही तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली. त्यावर एक काकू मला प्रेमाने म्हणाल्या होत्या की अजून वेळ गेलेली नाही, कॉम्प्युटरचा कोर्स कर. त्या संक्रांतीला मात्र काकांनी मला एका कोपऱ्यात धरलं आणि सरळ विचारलं, "कुठली जनावरं?" अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

काकांचं पूर्ण नाव डॉक्टर दत्ताजी माने. डॉक्टर म्हणजे गुरांचे. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ असा सगळा दुष्काळी मुलूख त्यांनी सरकारी दवाखान्यांतून आणि मोटारसायकलवरून पालथा घातला होता. निवृत्त झाले, दोन वर्षांत काकू गेल्या, आणि एकुलत्या मुलाने, विजयने, त्यांना इकडे आणलं. विजय मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी सहाला भरायचं. मधल्या वेळात काका आणि टीव्ही. ते तक्रार करत नसत, फक्त एकदा म्हणाले, "घरात गरम पाणी हाय, गरम हवा हाय, फ्रीजमध्ये दूध हाय. पण दूध कुठल्या गाईचं, ते सांगायला कोण न्हाई."

मला तेव्हा एका पिशवीने वात आणला होता. शेळी आणि मेंढी जिवंतपणी कोणालाही ओळखता येतात, पण एकदा हाडं झाली की दोघी संगनमत करून माणसाला छळतात. माझ्याकडे अशी चाळीसेक हाडं होती आणि महिनाभर मी पुस्तकांतल्या आकृत्या समोर ठेवून त्यांच्याशी झटत होतो. काकांना मी प्रयोगशाळा दाखवायला म्हणून नेलं, तेव्हा ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि पिशवीत हात घातला. एकेक हाड अंगठ्याने चाचपायचे आणि बाजूला ठेवायचे. शेळी. शेळी. मेंढी. शेळी. मेंढी, म्हातारी. हे माहीत नाही. शेळी. वीस मिनिटांत पिशवी संपली. मी विचारलं की डोळे का मिटले. ते म्हणाले, "अरे पुणेकर, चाळीस वर्षं माझा हात खांद्यापर्यंत जनावराच्या पोटात होता. आत काय लाईट असतोय?"

आमचे प्रोफेसर डनिंग हे अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. कोटाच्या खिशात पेन्सिली, आणि पेन्सिलींना टोकं एकसारखी. त्यांनी काकांची चाळीस उत्तरं पुस्तकाशी, कपाटातल्या नमुन्यांशी ताडून बघितली. दोन ठिकाणी काका 'माहीत नाही' म्हणाले होते. तिथे पुस्तकालाही माहीत नव्हतं. बाकी सगळं बरोबर. पण डनिंगना खरा आनंद त्या दोन 'माहीत नाही'चा झाला. माझ्याकडे बघून म्हणाले की हे तू शिकून घे. आठवडाभरात काकांना मानद मदतनीस म्हणून एक बिल्ला आणि प्रयोगशाळेची एक किल्ली मिळाली. पगार शून्य. काकांनी ती किल्ली जानव्याला लावावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. माने घराण्यात जानवं नव्हतं, ही हौस त्यांनी अमेरिकेत भागवून घेतली.

मग रोज सकाळी नऊच्या बसने काका येऊ लागले. मफलर, त्यावर विजयचा जुना कोट, त्यावर कानटोपी, आणि ह्या सगळ्याच्या आत कुठेतरी काका. विजयच्या बायकोने, सुनंदाने, मला फोन करून सांगितलं की आप्पा आता घरी आले की बोलतात, जेवताना दोनदा वाढून घेतात, आणि नातवाला कुत्र्याच्या दाताचं चित्र काढून दाखवतात. काकांचं हाडांशी वागणंही बघण्यासारखं होतं. ते हाडाला 'हे' म्हणत नसत, 'हा' किंवा 'ही' म्हणत. ही गाभण होती. हा लंगडत होता, पण मालकाने काळजी घेतली आहे, बघ हाड कसं सांधलंय. कानस मारून बैलाचे दात तरुण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी ते रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "जनावर कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो मालक."

प्रयोगशाळेतल्या तळघरात युद्धाच्या आधी कोणीतरी चीनहून आणलेल्या लाकडी पेट्या पडल्या होत्या. उत्तर चीनमधल्या फार जुन्या थडग्यांतली जनावरांची हाडं. तिथे श्रीमंत माणूस मेला की त्याच्याबरोबर जनावरं पुरत. मेलेल्याच्या कमरेखाली खड्डा करून त्यात कुत्रा, पायाशी डुकरांचे जबडे, आणि काही थडग्यांत बैलांची, मेंढ्यांची नुसती डोकी आणि खूर. डनिंगांचा सगळा जीव या डोक्याखुरांवर होता. त्यांच्या मते ही रीत चीनच्या मूळची नव्हे, उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या धनगरांकडून आलेली. म्हणजे दोन निराळे लोक कुठेतरी भेटले, शेजारी राहिले, आणि एकाने दुसऱ्याची पद्धत उचलली. काकांनी एक पेटी उघडून बघितली आणि म्हणाले की यात नवल काय, कातडं सोलताना डोकं आणि खूर कातड्यालाच ठेवतात. कातडं पुरलं, ते कुजलं, डोकं आणि खूर राहिले. डनिंग म्हणाले की हे मी एका पुस्तकात वाचलंय, तुम्ही कुठल्या? काका म्हणाले, आटपाडीच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे.

त्या पेट्यांमध्ये बैलाची एक सुरेख कवटी होती. शिंगांचं वरचं आवरण कधीच गेलेलं, आतल्या हाडाच्या खुंट्या तेवढ्या शाबूत. काकांना ती फार आवडायची. जाता-येता ते तिच्या कपाळावरून बोट फिरवत. माझ्या लक्षात आलं होतं, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुलैमध्ये एकदा काका पुरणपोळीचा डबा घेऊन आले. सुनंदाने कुठल्याशा पिवळ्या वाटाण्याचं पुरण घालून केलेल्या पोळ्या, पण केल्या होत्या झकास. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून मी बाहेर जिन्यावर बसून चार खाल्ल्या. कशाबद्दल, असं विचारल्यावर ते म्हणाले, आज बेंदूर. आमच्या पुण्याकडे बैलांचा सण म्हणजे पोळा, श्रावणातला. सांगली-साताऱ्याकडे तो बेंदूर, आषाढातला. मी विचारलं की इथे बैल कुठे आहेत तुम्हाला. काकांनी डबा घासूनपुसून पिशवीत ठेवला आणि ते घरी गेले. त्यांच्या अनामिकेचं टोक लाल दिसत होतं. मला वाटलं, पेनाची शाई.

सप्टेंबरात लिनबाई आल्या. चीन आणि अमेरिका यांचं नुकतंच जमलं होतं आणि तिकडचे अभ्यासक वर्षभरासाठी इकडे येऊ लागले होते. त्यांतल्या या एक. पन्नाशीच्या, कापलेले केस, राखाडी कोट, आणि काखेत गरम पाण्याचा थर्मास. त्या पेट्यांमधली हाडं त्यांच्याच प्रांतातली, म्हणून त्यांना ती बघायची होती. तरुणपणी अभ्यास ऐन रंगात आला असताना त्यांना खेड्यात पाठवलं होतं आणि दहा वर्षं त्यांनी डुकरं राखली होती. परत येईपर्यंत बरोबरीचे लोक प्राध्यापक झालेले. त्या एकदा अगदी सहज म्हणाल्या की या वर्षातून मला एक तरी गोष्ट घरी न्यायची आहे, जी माझी असेल.

काकांचं आणि त्यांचं आठवड्यात जमलं. दोघांचं इंग्रजी असं, की तिसऱ्या माणसाने मध्ये पडलं तर गोंधळ व्हायचा, आणि दोघांनाच सोडलं तर सगळं सुरळीत चालायचं. काका डुकराला येणाऱ्या तापाची लक्षणं अंगाने करून दाखवत, लिनबाई मान हलवत आणि पुढचं लक्षण त्या करून दाखवत. एकदा डनिंग दार उघडून आत आले तेव्हा दोघं समोरासमोर उभे राहून धापा टाकत होते. डनिंगांनी दार पुन्हा लावून घेतलं. काकांनी लिनबाईंचेही दात बघितले होते अर्थात. मला मराठीत म्हणाले, "बाईनं लई कोंडा खाल्लाय रं." आणि दुसऱ्या दिवसापासून सुनंदाच्या डब्यात एक पोळी वाढली.

फेब्रुवारीत ते घडलं. बाहेर गुडघाभर बर्फ. लिनबाई दिव्याखाली बैलाची ती कवटी बघत होत्या आणि त्यांना शिंगाच्या बुडाशी, हाडाच्या बारीक छिद्रांमध्ये, लाल रंग दिसला. एक रेघ शिंगाच्या बुडापासून कपाळाकडे उतरलेली. आता हे समजून घ्यायला हवं की त्या काळच्या चिनी थडग्यांत मेलेल्या माणसाच्या अंगावर लाल पूड टाकत, ती पाऱ्याच्या खनिजाची. माणसावर टाकलेली सगळ्यांना माहीत होती. बैलाच्या कपाळावर अशी बोटाने ओढल्यासारखी कोणी कधी पाहिली नव्हती. कणभर रंग खरवडून रसायनशाळेत पाठवला. उत्तर आलं, पाऱ्याचं खनिज, तेच. डनिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दाराशी केक कापला. लिनबाई एप्रिलमध्ये विद्यापीठात व्याख्यान देणार होत्याच. आता त्याचा विषय ठरला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा दात दिसतील असं हसताना पाहिलं.

केकच्या वेळी काका मागे भिंतीला टेकून उभे होते. दुपारी मला म्हणाले, चल बसपर्यंत. स्टॉपवर आम्ही दोघंच. काकांनी मफलर खाली ओढला आणि म्हणाले, "तो रंग तीन हजार वर्षांचा नाही. सात महिन्यांचा आहे."

मग सगळं सांगितलं. त्यांच्याकडे बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतात. अलीकडे लोक ऑइलपेंट फासतात आणि शिंगं खराब करतात, म्हणून काका गावोगाव भाषणं देत आणि स्वतः वैद्याच्या दुकानातला अस्सल हिंगूळ तेलात खलून लावून दाखवत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं तेच लाल खनिज. त्याची एक पुडी त्यांनी सामानात आणली होती, का आणली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. बेंदराच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत ते एकटे होते. समोर ती कवटी. चाळीस वर्षांत एक बेंदूर चुकला नव्हता. एक बोट शिंगाला, एक कपाळाला, पुरणपोळीचा तुकडा दाखवला, आणि लगेच कापसाने सगळं पुसून घेतलं. पण जुनं हाड तेल पितं, हे काकांइतकं कोणाला ठाऊक? म्हणाले, "चूक हाय हे कळत होतं. हात थांबला न्हाई."

मी काय केलं ते आता लिहितो. मी घाबरलो. काकांना प्रयोगशाळेत मी आणलं होतं, माझी शिष्यवृत्ती डनिंगांच्या हातात होती, माझ्या प्रबंधावर त्यांची सही अजून व्हायची होती. मी म्हणालो, काका, गप्प बसा. रसायनशाळेनेच सांगितलंय पारा म्हणून, आता ब्रह्मदेव आला तरी कोणाला कळायचं नाही. तुम्ही बोललात तर किल्ली जाईल, पुन्हा आत पाऊल टाकू देणार नाहीत, आणि मग घरात टीव्हीसमोर बसाल. लिनबाईंचं भलं होतंय, डनिंगांचं भलं होतंय, तुमचंही काही बिघडत नाही. मी बराच वेळ बोलत होतो आणि मला स्वतःला ते पटत चाललं होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. बस आली. पायरीवर चढताना ते एवढंच म्हणाले की बघू.

चार दिवस ते आले नाहीत. सुनंदाने फोनवर सांगितलं की आप्पांना सर्दी झाली आहे, जेवत नाहीत, बोलत नाहीत. मला वाटलं, चला, निभावलं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

पाचव्या दिवशी मी प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा काका आणि लिनबाई टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते, मध्ये कवटी, आणि कवटीशेजारी हिंगुळाची पुडी उघडी. काका आपल्या त्या इंग्रजीत सांगत होते. दोनदा, तीनदा सांगितलं, कारण लिनबाईंना पहिल्यांदा वाटलं की ते काही गंमत करताहेत. मग त्यांनी पुडीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि काकांच्या अनामिकेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघवेना. मी काकांना मराठीत म्हणालो की कशाला केलंत हे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "या बाईनं दहा वर्षं डुकरं राखली आणि पुन्हा पाटी घेऊन शाळेत बसली. तिच्या नावावर मी माझा रंग लावू?"

लिनबाईंनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि काकांना विचारलं, "कुठल्या बोटाने?"

काकांना आधी कळलंच नाही. त्यांना रागावून घ्यायची तयारी होती, ह्याची नव्हती. लिनबाई उठल्या आणि कपाटातून एक साधी मिशिगनच्या गाईची कवटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, पुन्हा करा, सावकाश. तो सबंध सकाळचा वेळ त्या दोघांनी त्यात घालवला. कुठलं बोट, किती तेल, आधी शिंग की आधी कपाळ, रेघ खाली ओढायची की वर, त्या वेळी तोंडाने काय म्हणता. काका लाजले. म्हणाले, काही मंत्रबिंत्र नाही, बैलाला म्हणतो की वर्षभर राबलास, आज तुझा दिवस. लिनबाईंनी ते लिहून घेतलं, मग मला त्याचं इंग्रजी विचारलं, आणि मी सांगितलेलं इंग्रजी त्यांना आवडलं नाही म्हणून काकांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी जन्मभर उरलेल्या गोष्टी पाहिल्या होत्या. करणारं माणूस समोर बसलेलं पहिल्यांदाच मिळालं होतं, असं नंतर त्या म्हणाल्या. पण त्यांना काहीच वाटलं नाही असं नाही. दुपारी त्या बराच वेळ जिन्यावर एकट्या थर्मास धरून बसल्या होत्या. घरी चीनला पत्र आधीच गेलेलं, आता दुसरं लिहायचं होतं.

एप्रिलमध्ये व्याख्यान झालं; तोवर लिनबाईंनी डनिंगांनाही काही सांगितलं नव्हतं. लिनबाईंनी कवटीचं चित्र पडद्यावर दाखवलं, लाल रेघ दाखवली, आणि सांगितलं की ही गेल्या जुलैतली आहे. सभागृहात हशा पिकला. मग त्यांनी पुढचं चित्र दाखवलं, काकांचा हात, मिशिगनच्या गाईच्या कपाळावर. हशा थांबला. त्या म्हणाल्या की चीनमधल्या थडग्यात आणि भारतातल्या गोठ्यात एकच लाल खनिज सापडतं, पण कोणी कोणाकडून घेतलं याचा काडीचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि हे सद्गृहस्थ बोलले नसते तर मी तुम्हाला आज तो पुरावा मोठ्या अभिमानाने दिला असता. मागच्या रांगेत काका विजयच्या लग्नातला सूट घालून बसले होते. व्याख्यान संपल्यावर तीन-चार जण येऊन त्यांना भेटले. काकांनी सगळ्यांचे दात बघितले.

दुसऱ्या दिवशी डनिंगांनी काकांना आणि मला खोलीत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाजही चढला नाही. त्यांनी सांगितलं की काकांनी खरं सांगितलं याबद्दल त्यांना आदर आहे, पण संग्रहातल्या वस्तूला हात लागला, आणि नियम तो नियम. काकांनी गळ्यातला दोरा काढला, किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. गाठ नीट सुटत नव्हती, त्याला जरा वेळ लागला. मग डनिंगांनी एकेका पेन्सिलीला हात लावत विचारलं की हे आणखी कोणाला माहीत होतं का, लिनबाईंना सांगण्याच्या आधी. विचारताना ते माझ्याकडे बघत होते.

"नो सर," काका म्हणाले. "ओन्ली मी."

मी काकांच्या शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

बाहेर बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. स्टॉपवर मी काकांना म्हटलं की तुम्ही असं सांगायला नको होतं. ते म्हणाले, किल्ली एकच जायची होती, दोन कशाला घालवायच्या. मग पाठीवर थाप मारून म्हणाले की तू आता ते शेळी-मेंढीचं प्रकरण संपव, फार रेंगाळलंय. मला माफी मागायची होती. ती कशी मागायची ते सुचेना, आणि बस वेळेवर आली. ती बस एरवी कधी वेळेवर आली नाही.

त्यानंतर काका सकाळी शहराच्या वाचनालयात जाऊन बसू लागले. लिनबाई रोज दुपारी प्रयोगशाळेतून तिथे चालत जात, अडलेल्या हाडांची चित्रं काढून नेत, आणि काका चित्रावरून सांगायचे तेवढं सांगत. हात लावल्याशिवाय त्यांना समाधान नसे. चित्रांवर ते जास्त वेळा 'माहीत नाही' म्हणत. ऑगस्टमध्ये लिनबाई परत गेल्या आणि सप्टेंबरमध्ये काकांनी विजयला तिकीट काढायला लावलं. निघण्याआधी माझ्या खोलीवर आले, माझ्या दातांकडे बघून म्हणाले की चहा कमी कर. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

माझ्या प्रबंधावर डनिंगांनी पुढच्या वर्षी सही केली. मला नोकरी लागली, ती टिकली, आणि आज मीही विद्यार्थ्यांना तेच सांगतो, नियम तो नियम. काका आटपाडीला दीड वर्षं होते. शेवटी शेवटी शेजारच्या गाईच्या वेताला रात्रभर थांबले, त्यात थंडी बाधली, आणि आठ दिवसांत गेले. सुनंदाने फोन करून सांगितलं, तिने रडत रडत हेही सांगितलं की कालवड झाली.

लिनबाईंचा लेख मला टपालाने आला तेव्हा काका जाऊन महिना झाला होता. लेख बारीक अक्षरांत, डोक्याखुरांवर, नीट पुराव्यानिशी लिहिलेला, पूर्णपणे त्यांचा स्वतःचा. त्यात त्या कवटीविषयी तळाशी एक टीप आहे. या कवटीवरचा लाल रंग प्राचीन नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. तो लावणारे भारतीय पशुवैद्य डॉक्टर माने यांनी तो आपण लावल्याचं आपण होऊन सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर कळायला मार्ग नव्हता, कारण ते त्यांच्याखेरीज कोणालाही माहीत नव्हतं.

लिनबाईंचा लेख पुढे अनेकांनी वाचला, अनेकांनी आधाराला घेतला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यात आजवर एकही चूक कोणाला सापडलेली नाही. एक आहे. टिपेतलं ते शेवटचं वाक्य. मला माहीत होतं.